रिसीव्हर, टीव्हीचे स्पीकर आणि वायरलेस हेडफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात होम थिएटर आलं की नातेवाईक आणि सोसायटीतले मित्र आधी ऐकायला येतात आणि मग प्रश्न विचारायला. स्पीकर कुठले, किती वॅटचे, हे प्रश्न पहिल्या आठवड्यातच संपतात. त्यानंतर वर्षानुवर्षं जे विचारलं जातं ते वेगळंच असतं : रात्री अकरानंतर कसं बघायचं, बाबांना कमी ऐकू येतं त्यांचं काय, आणि आईला बातम्या बघायला एवढं धूड कशाला चालू करायचं. हे धूड म्हणजे रिसीव्हर : सगळ्या डब्यांचा आवाज घेऊन स्पीकरना देणारा ॲम्प्लिफायर. खालचे प्रश्न असेच जमत गेलेले आहेत. उत्तरं मी स्वतः वायरी काढून-घालून शोधली आहेत, त्यामुळे क्रम जरा माझ्या चुकांचा आहे.

माझ्या रिसीव्हरला ब्लूटूथ आहे. मग हेडफोन का जोडला जात नाही?

कारण ते ब्लूटूथ बहुधा एकाच दिशेचं असतं. फोनवरचं गाणं रिसीव्हरवर वाजावं म्हणून ते दिलेलं असतं. रिसीव्हर तिथे आवाज घेतो, देत नाही. तुमचा हेडफोनही घेणाराच. दोघे घेणारे समोरासमोर बसले तर देणार कोण? म्हणून पेअरिंगचं बटण कितीही दाबलं तरी दोघं एकमेकांना दिसत नाहीत. हेडफोन खराब नाही, रिसीव्हरही नाही.

याला अपवाद आहेत. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स१७००एच, एक्स२७००एच अशा मॉडेलांमध्ये ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे आवाज बाहेर पाठवणारा भाग, आहे. मेनूत तो चालू करून हेडफोन जोडता येतो आणि वर ‘ब्लूटूथ आणि स्पीकर’ की ‘फक्त ब्लूटूथ’ हेही निवडता येतं. इतर कंपन्यांच्याही काही मॉडेलांत ही सोय आहे. जाहिरातीत मात्र नुसतं ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि त्यात ‘ट्रान्समीटर’ हा शब्द शोधा. तो सापडला तर पुढचे निम्मे प्रश्न तुमच्यासाठी नाहीतच.

रिसीव्हरच्या मागे ऑप्टिकलचं भोक आहे. तिथे बाजारातला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला तर?

लागेल, पण वाजणार नाही. ते भोक आवाज आत घेण्याचं आहे. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही उजेडातून आवाज नेणारी जोडणी, टॉसलिंक, दिसायला दोन्ही बाजूंना सारखीच असते, म्हणून गोंधळ होतो. टीव्हीच्या मागे असतं ते बाहेर देणारं आणि रिसीव्हरच्या मागे असतं ते आत घेणारं. घरगुती रिसीव्हरवर ऑप्टिकल आउटपुट आजकाल क्वचितच दिसतं. ओळखायची सोपी खूण : उपकरण चालू असताना देणाऱ्या भोकातून लाल उजेड दिसतो, घेणाऱ्यातून नाही.

एकूणच रिसीव्हर हा आवाजाचा शेवटचा थांबा समजून बनवलेला असतो. सगळ्या गाड्या तिथे येतात, पुढे फक्त स्पीकरकडे जाण्याची वाट असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या भानगडी आपोआप उलगडतात.

पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक आहे की. त्यालाच ट्रान्समीटर लावू?

एकट्याने बघत असाल तर खुशाल लावा. ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक असतो, त्याला ३.५ चा ॲडॉप्टर लागेल. हा मार्ग स्वस्त आहे, आणि रिसीव्हर सगळे चॅनल दोनांत मिसळून देत असल्यामुळे संवादही नीट येतात. यामाहाच्या रिसीव्हरवर ‘सायलेंट सिनेमा’ नावाची जी सोय असते ती याच जॅकवर चालते.

अडचण एकच. जॅक आत गेला की स्पीकर बंद. बाबांनी हेडफोन लावायचे आणि बाकीच्यांनी स्पीकरवर ऐकायचं, हे या मार्गाने जमत नाही. दुसरी बारीक गोष्ट : ट्रान्समीटर दिवसभर जॅकमध्ये खोचून ठेवला तर सकाळी कोणीतरी ‘स्पीकर गेले’ म्हणून फोन करतं.

प्री-आउटमधून आवाज काढला तर स्पीकरही चालू राहतील ना?

इथे मी फसलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. प्री-आउट म्हणजे दुसऱ्या ॲम्प्लिफायरसाठी आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटी. मागे ‘फ्रंट’च्या डाव्या-उजव्या प्री-आउटच्या लाल-पांढऱ्या सॉकेटी होत्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथून आरसीएची वायर आणली, ट्रान्समीटर जोडला, हेडफोन बाबांच्या कानांना लावला. स्पीकर चालू, हेडफोन चालू. मी विजयी मुद्रेने चहा प्यायला गेलो. दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, “गाणी छान ऐकू येतायत, पण माणसं बोलत का नाहीत?”

५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा वाटणीत, संवाद जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर असतात. फ्रंटच्या प्री-आउटवर फक्त डाव्या-उजव्या चॅनलचा आवाज येतो : संगीत, पावसाचा सडा, दार आपटल्याचा आवाज. ज्यांना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आपण हेडफोन आणले, त्यांच्याच हेडफोनमधून नेमके संवाद गायब! रिसीव्हरला स्टिरिओ मोडवर टाकलं तर ते परत येतात, पण मग बाकीच्यांचं ५.१ गेलं. शिवाय प्री-आउटचा आवाज मुख्य व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होतो, हे वेगळंच.

‘झोन २’ नावाचं, म्हणजे दुसऱ्या खोलीसाठीचं, प्री-आउट असेल तर ते जास्त कामाचं, कारण त्याचा व्हॉल्यूम स्वतंत्र असतो. पण पुष्कळ रिसीव्हर झोन २ ला फक्त ॲनालॉग किंवा साधा दोन चॅनलचा आवाज देतात, एचडीएमआयमधून आलेला डॉल्बी, म्हणजे दाबून पाठवलेला अनेक चॅनलचा आवाज, देत नाहीत. मॅन्युअलमध्ये झोन २ च्या पानावर तळटिपा असतात, त्या आधी वाचा.

मग हेडफोनसाठी आवाज घ्यायचा तरी कुठून?

रिसीव्हरच्या आधी. म्हणजे टीव्हीतून, किंवा त्याही आधी, जिथून चित्र येतंय त्या डब्यातून.

घरात वायरिंग दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात सेट-टॉप बॉक्स, स्टिक, प्लेअर सगळं रिसीव्हरमध्ये जातं आणि तिथून एक एचडीएमआय टीव्हीला. दुसऱ्या प्रकारात सगळं टीव्हीमध्ये जातं आणि टीव्हीतून आवाज एआरसीच्या (ऑडिओ रिटर्न चॅनल) वाटेने, म्हणजे त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा, रिसीव्हरकडे परत येतो. पहिला प्रकार जुन्या काळी बरोबर होता, आजही ब्लू-रे बघणारे तोच धरून असतात. पण त्यात टीव्हीला फक्त चित्र मिळतं. आवाज रिसीव्हर वाटेतच ठेवून घेतो, त्यामुळे टीव्हीचं ऑप्टिकल, टीव्हीचं ब्लूटूथ, टीव्हीचा हेडफोन जॅक, सगळंच मुकं.

हेडफोन ही रोजची गरज असेल तर दुसरा प्रकार निवडा. रिसीव्हर एआरसीवर, ट्रान्समीटर टीव्हीच्या ऑप्टिकलवर. काही टीव्ही एआरसी आणि ऑप्टिकल दोन्हीवर एकाच वेळी आवाज देतात, काही मेनूत एकच निवडायला लावतात. ट्रान्समीटर विकत घेण्याआधी हे तपासा, अगदी शेजाऱ्याचा साउंडबार दहा मिनिटं मागून आणून तपासलंत तरी चालेल. दोन्ही मिळत नसेल तर खाली ‘एक्स्ट्रॅक्टर’बद्दल लिहिलं आहे ते बघा.

सगळं टीव्हीमधून नेल्याने आवाजाचा दर्जा पडतो का, हा पुढचा प्रश्न असतोच. ओटीटी आणि डीटीएच बघणाऱ्याला फरक पडत नाही. साधं एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं आणि बऱ्याच टीव्हींवर डॉल्बी डिजिटल प्लसमधलं ॲटमॉसही. ई-एआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलं, त्याची वाट ३७ मेगाबिट प्रतिसेकंद रुंद आहे, त्यामुळे ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडीसुद्धा बसतं. खटकण्यासारखी एक गोष्ट म्हणजे डीटीएस, डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा प्रकार. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीमधून डीटीएस काढून टाकलं आणि एलजीने २०२० मध्ये (२०२३ च्या काही मॉडेलांत परत आणलं). डिस्कचा मोठा संग्रह असेल तर फक्त प्लेअर रिसीव्हरला थेट जोडा, बाकी सगळं टीव्हीला.

ट्रान्समीटर जोडला, हेडफोन पेअर झाला, दिवाही लागला. आवाज नाही. का?

दहांतल्या नऊ वेळा टीव्हीच्या ‘डिजिटल ऑडिओ आउट’मध्ये ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी’ निवडलेलं असतं. छोट्या ट्रान्समीटरला डॉल्बी उलगडता येत नाही, त्याला साधा दोन चॅनलचा ‘पीसीएम’ लागतो. तो निवडला की आवाज येतो. चॅनल बदलल्यावर कधी आवाज येतो, कधी नाही, असं होत असेल तर तेच कारण : एखादं चॅनल डॉल्बीत असतं, दुसरं नसतं.

पण पीसीएम केलं की काही टीव्हींवर एआरसीचा आवाजही पीसीएम होतो आणि रिसीव्हरला ५.१ मिळणं बंद. हा तिढा सोडवायला डॉल्बी उलगडू शकणारा ट्रान्समीटर घ्या, किंवा मधे डॉल्बीचा छोटा डीकोडर लावा. खोक्यावर ‘ऑप्टिकल इनपुट’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो फक्त पीसीएमवाला आहे असं धरून चाला.

हेडफोनमध्ये ओठ आधी हलतात, आवाज नंतर येतो. सेटिंगने जाईल का?

सेटिंगने सहसा जात नाही. कारण समजून घेतलं तर पैसे वाचतील.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून छोटा करावा लागतो, मग हवेतून पाठवायचा, मग हेडफोनने तो थोडा साठवून उलगडायचा. साध्या एसबीसी कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे ही दाबण्या-उलगडण्याची पद्धत) याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत माणसाच्या सहनशक्तीचे आकडे दिले आहेत : आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की तो जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण निसर्गात तसंच घडतं. लांबचा धोबी कपडे आपटतो ते आधी दिसतं, ऐकू नंतर येतं. तरी २०० मिलिसेकंद म्हणजे फार झालं.

मग फोनवर यूट्यूब बघताना त्याच हेडफोनमध्ये सगळं जुळतं कसं? कारण फोनला माहीत असतं की हेडफोन किती उशीर करतोय. तो चित्रच तेवढं थांबवतो. टीव्हीच्या ऑप्टिकलवर लावलेला ट्रान्समीटर टीव्हीला असं काही कळवू शकत नाही. रिसीव्हरच्या मेनूत ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असतं, पण त्याने स्पीकरचा आवाज मागे ढकलता येतो. उशीर झालेला आवाज पुढे ओढता येत नाही.

उपाय तीन. एक, ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्ही ‘ॲप्टएक्स लो लेटन्सी’ या कमी उशिराच्या कोडेकवाले घ्या, उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ‘दोन्ही’ या शब्दावर जोर आहे. एअरपॉड्समध्ये किंवा सोनीच्या प्रसिद्ध एक्सएम मालिकेत हे कोडेक नाही, त्यामुळे घरातला महागडा हेडफोन आणि नवा ट्रान्समीटर यांची गाठ पडली की दोघं पुन्हा एसबीसीवर उतरतात. दोन, हेडफोन स्टिकला किंवा ॲपल टीव्हीलाच जोडा. फायर टीव्ही स्टिक, गुगल टीव्ही, ॲपल टीव्ही यांची ॲप्स फोनसारखंच चित्र सांभाळून घेतात. तीन, ब्लूटूथ सोडून द्या.

ब्लूटूथ सोडून काय?

टीव्हीसाठी बनवलेले आरएफ, म्हणजे स्वतःच्या रेडिओलहरींवर चालणारे, हेडफोन. डॉकवर चार्ज होतात, डॉकच ट्रान्समीटर असतो, पेअरिंगची कटकट नाही. सेनहायझरची आरएस मालिका यासाठी जुनी आणि नावाजलेली. त्यातल्या आरएस १७५ सारख्या डिजिटल मॉडेलला ऑप्टिकल किंवा साधी, कुठलीही वायर लावता येते आणि उशीर जाणवत नाही. आतल्या स्वयंपाकघरात जाऊन फोडणी घालून आलं तरी मालिकेतलं भांडण ऐकू येत राहतं. (सेनहायझरचा हा घरगुती विभाग २०२२ मध्ये सोनोव्हाने घेतला आणि फोनॅकची श्रवणयंत्रंही सोनोव्हाचीच. हेडफोन आणि कानाचं यंत्र एकाच घरात नांदू लागले ते असे.)

तोटा म्हणजे हे हेडफोन फिरायला नेता येत नाहीत, त्यांचा डॉक टीव्हीपाशीच असतो. माझ्या मते ज्येष्ठ माणसांसाठी तो तोटा नसून फायदा आहे. ठरलेली जागा, ठरलेलं बटण, कानाला लावलं की चालू. ब्लूटूथ हेडफोन नातवाच्या फोनला जाऊन चिकटतो आणि आजोबांना अचानक रील ऐकू येतात, हा प्रकार यात होत नाही.

डोक्यावर काहीच नको असेल तर खांद्यावर ठेवायचे नेकबँड स्पीकर मिळतात. आजूबाजूच्यांनाही ते थोडे ऐकू येतात, पण जेवताना चष्मा आणि हेडफोन यांची मारामारी होत नाही.

बाबांना मोठा आवाज लागतो, आम्हाला नाही. एकाच वेळी दोघांनी कसं बघायचं?

वर सांगितलेली दुसऱ्या प्रकारची जोडणी यासाठीच आहे : टीव्हीच्या ऑप्टिकलवर आरएफ हेडफोन, एआरसीवर रिसीव्हर. हेडफोनचा व्हॉल्यूम हेडफोनवर, स्पीकरचा रिसीव्हरच्या रिमोटवर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्याकडे हे झाल्यापासून संध्याकाळी सातची ओरडाआरड थांबली.

टीव्ही दोन्ही वाटा एकदम देत नसेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्या. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीच्या मधे तो बसतो, चित्र पुढे जाऊ देतो आणि आवाजाची एक प्रत ऑप्टिकल किंवा ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटवर काढून देतो. घेताना ४के आणि एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) चालतं का हे बघा, नाहीतर स्टिक लावल्यावर पडदा काळा होतो. उणीव अशी की ज्या डब्याच्या वायरीत तो बसवला त्याच डब्याचा आवाज मिळतो. बाबा फक्त डीटीएच बघत असतील तर तेवढं पुरतं.

श्रवणयंत्र वापरत असतील तर हेडफोन घेण्याआधी यंत्राच्या कंपनीला ‘टीव्हीचा डबा’ विचारा. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे तो असतो, टीव्हीला ऑप्टिकलने जोडला जातो आणि आवाज थेट यंत्रात जातो. कानात यंत्र आणि वर हेडफोन घातला की पुष्कळांना शिट्टी ऐकू येते, ती यातून टळते.

दोन हेडफोन एकदम चालतील का?

काही ट्रान्समीटर दोन जोडतात, पण दोन जोडल्यावर त्यातले काही लो लेटन्सी सोडून देतात. ॲपल टीव्हीवर एअरपॉड्सच्या दोन जोड्या चालतात. आरएफच्या संचांत जादा हेडफोन वेगळा विकत मिळतो. ब्लूटूथमध्ये यावरचं खरं उत्तर ऑराकास्ट आहे, एकाने पाठवायचं आणि कितीही जणांनी ऐकायचं. नवीन टीव्ही आणि हेडफोनमध्ये ते येऊ लागलं आहे. आज खरेदी करत असाल तर नजर ठेवा, त्यासाठी थांबून राहू नका.

टीव्हीचे स्पीकर रिसीव्हरला जोडून सेंटर स्पीकर म्हणून वापरता येतील?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचार मुळात वाईट नाही : आवाज चित्रातूनच आला तर चांगलंच की. पण टीव्हीच्या स्पीकरला बाहेरून वायर द्यायची जागाच नसते. सोनीने २०१८ च्या ब्राव्हिया ए९एफ मॉडेलला मागे खरोखरचे स्पीकर टर्मिनल दिले होते, रिसीव्हरची सेंटरची वायर तिथे लावता येत असे. असे टीव्ही मोजकेच. सॅमसंगचं क्यू-सिम्फनी टीव्हीचे स्पीकर साउंडबारबरोबर वाजवतं, पण ते त्यांच्याच साउंडबारशी. रिसीव्हरचा तिथे संबंध नाही.

टीव्ही उघडून स्पीकरच्या वायरी बाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत. करू नका. आतले स्पीकर बारीक, रिसीव्हरच्या ताकदीपुढे कॉइल जळायला वेळ लागत नाही. ते टीव्हीच्या ॲम्प्लिफायरपासून आधी न सोडवता रिसीव्हरची वायर लावली तर दोन ॲम्प्लिफायरची तोंडं एकमेकांना भिडतात, आणि त्यात बहुधा रिसीव्हर मरतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो, तो भाग वेगळा. सेंटर स्पीकर नसेल तर रिसीव्हरच्या मेनूत सेंटरसमोर ‘नाही’ निवडा. संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात आणि मधे बसणाऱ्याला ते चित्रातूनच आल्यासारखे वाटतात.

टीव्हीचे आणि रिसीव्हरचे स्पीकर एकत्र चालू ठेवले तर आवाज भरदार होईल ना?

मोठा होईल, भरदार नाही. रिसीव्हरला आवाज उलगडायला थोडा वेळ लागतो, टीव्हीला वेगळा. दोघांत चाळीस-पन्नास मिलिसेकंदांचा फरक पडला की गावच्या जत्रेतल्या दोन कर्ण्यांसारखा दुहेरी आवाज येतो. फरक त्याहून कमी असेल तर दुहेरी वाटत नाही, पण काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. एलजीच्या मेनूत टीव्हीचा स्पीकर आणि ऑप्टिकल एकत्र असा पर्याय दिसतो. तो मी फक्त एका कामासाठी वापरतो : रिसीव्हर दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरना आवाज देत असेल तेव्हा.

आईला सकाळी रिसीव्हर न लावता टीव्हीवरच बातम्या ऐकायच्या असतात. जमेल?

जोडणी दुसऱ्या प्रकारची असेल तर काहीच करायचं नाही. रिसीव्हर बंद असला की टीव्ही स्वतःचे स्पीकर वापरतो. फक्त टीव्ही चालू झाला की रिसीव्हर आपोआप जागा होतो ती सवय मोडावी लागते : सीईसीच्या, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याच्या सोयीच्या, मेनूत आपोआप चालू होणं बंद करा, बाकीचं सीईसी राहू द्या, कारण एआरसीला ते लागतं.

पहिल्या प्रकारची जोडणी असेल तर रिसीव्हरच्या मेनूत ‘एचडीएमआय पास-थ्रू’ किंवा ‘स्टँडबाय थ्रू’ चालू करा. मग रिसीव्हर झोपलेला असतानाही चित्र आणि आवाज टीव्हीकडे जाऊ देतो. थोडी वीज खातो, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं की अर्थातच काही चालत नाही. झोपण्यापूर्वी सगळी बटणं बंद करणाऱ्या घरांत हे लक्षात ठेवा.

टीव्ही एआरसीवर आहे म्हणतो, रिसीव्हर गप्प. काय बघू?

केबल टीव्हीच्या त्याच पोर्टमध्ये आहे का, ज्याच्याशेजारी एआरसी छापलंय. दुसरं टोक रिसीव्हरच्या ‘आउट’मध्ये आहे का, कारण बरेच जण ते ‘इन’मध्ये घालतात. सीईसी दोन्हीकडे चालू आहे का. हे नाव मेनूत सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने त्याचं बारसं वेगळं केलंय : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. सगळं बरोबर असूनही गप्प असेल तर दोघांचे प्लग भिंतीतून पाच मिनिटं काढा. रिमोटने बंद करून उपयोग नसतो.

हेडफोनमध्ये बारीक घुंई ऐकू येते.

केबलवाल्याची किंवा डिशची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुंई थांबली तर ग्राउंड लूप आहे : त्या वायरीची अर्थिंग आणि घराच्या वीजजोडणीची अर्थिंग यांचं जमत नाही. ट्रान्समीटर ३.५ च्या वायरीवरून काढून ऑप्टिकलवर न्या. त्यात तांबं नाही, नुसता उजेड आहे, त्यामुळे घुंई पलीकडे जाऊच शकत नाही. थांबून थांबून कडकड येत असेल तर ती वेगळी तक्रार. ट्रान्समीटर वाय-फाय राउटरला चिकटून ठेवलेला असेल, दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. एक हात लांब सरकवा. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन मोडून घुंई घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्या पिनवर घरच्यांचा जीव असतो.

हेडफोनमध्ये सराउंड येतं का, आणि किती मोठ्याने ऐकावं?

साध्या ट्रान्समीटरमधून दोनच चॅनल जातात. सराउंडचा भास हवा असेल तर तो आधीच तयार व्हायला हवा, रिसीव्हरच्या जॅकवर यामाहाचं सायलेंट सिनेमा करतं तसा. हाणामारीच्या सिनेमात मजा येते. बातम्यांत आणि मालिकांत तो बंद ठेवा, निवेदक न्हाणीघरातून बोलतोय असं वाटतं.

आवाजाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर तेवढेच तास अशी आहे. मोजायचं यंत्र घरात नसतं. आमच्याकडची पद्धत अशी : बाबांच्या हेडफोनमधले संवाद मला शेजारच्या खुर्चीवर शब्दन् शब्द कळायला लागले की मी बोटाने खूण करतो. ते आवाज दोन घरं खाली आणतात आणि मी उठलो की परत वर नेतात.